पारपटल पारदर्शक कसं राहतं?



दहावीच्या विज्ञानात भिंगांच्या धड्यात मानवी डोळ्याची आकृती येते. मुलं ती काढतात, नावं देतात, गुण मिळवतात. त्या आकृतीत सगळ्यात पुढे एक फुगीर रेघ असते. तिला आपण ‘पारपटल’ असं नाव देतो, ‘हे पारदर्शक असतं, यातून प्रकाश आत जातो’ एवढं सांगतो आणि बुबुळ, बाहुली, भिंग यांच्याकडे वळतो. तासाला वेळ कमी, धडा मोठा, त्यामुळे हे साहजिकच आहे. पण त्या एका रेघेत एक फार चांगला प्रश्न दडलेला आहे आणि तो आठवी-नववीच्या मुलांनाही समजेल असा आहे.

प्रश्न असा. डोळ्याचा जो पांढरा भाग आपल्याला दिसतो त्याला श्वेतपटल म्हणतात. पारपटल हे त्याच पांढऱ्या कवचाचं पुढचं टोक. दोन्ही एकमेकांना सलग जोडलेले आहेत आणि दोन्ही मुख्यतः एकाच पदार्थाचे, म्हणजे कोलॅजेन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंचे बनलेले आहेत. हेच कोलॅजेन आपल्या त्वचेत असतं, स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या चिवट दोरीतही असतं. त्वचेतून आरपार दिसत नाही, दोरी पांढरीशुभ्र असते, श्वेतपटलही पांढरं. मग त्याच मालाचं पारपटल तेवढं काचेसारखं कसं?

याचं उत्तर तंतूंच्या मांडणीत आहे, आणि ती मांडणी टिकवण्यासाठी डोळ्याला दिवसरात्र काम करावं लागतं. ते काम थांबलं की पारपटल पांढरं होऊ लागतं. म्हणून हा विषय एका आकृतीपुरता न ठेवता थोडा सविस्तर बघू या.

आधी पारपटल पाहू

गंमत अशी की, पारपटल समोरून दिसतच नाही. मुलांना ‘पारपटल दाखवा’ म्हटलं तर बहुतेक मुलं काळ्या किंवा तपकिरी बुबुळाकडे बोट दाखवतात. रोजच्या बोलण्यात तर आपण सगळ्यालाच ‘बुबुळ’ म्हणतो. ‘त्यांना दुसऱ्याचं बुबुळ बसवलं’ असं म्हणतात तेव्हा प्रत्यक्षात बसवलेलं असतं पारपटल.

दोन मुलांना खिडकीजवळ उभं करा. एकाने सरळ समोर बघायचं आणि दुसऱ्याने त्याच्या डोळ्याकडे अगदी कानाच्या बाजूने बघायचं. बुबुळाच्या पुढे एक स्वच्छ, पाण्याच्या थेंबासारखा घुमट दिसतो. तेच पारपटल. समोरून बघितलं तर त्यावर खिडकीचं छोटंसं प्रतिबिंब चमकताना दिसेल. पृष्ठभागावरून साधारण २ टक्के प्रकाश परत फिरतो, त्याचं हे प्रतिबिंब. उरलेला आत जातो. (टॉर्चचा झोत मात्र कोणी कोणाच्या डोळ्यात मारू नये, हे आधीच बजावून ठेवलेलं बरं.)

आकाराने ते शर्टाच्या बटणाएवढं, म्हणजे ११ ते १२ मिलिमीटर व्यासाचं. मध्यभागी जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर, म्हणजे एटीएम कार्डापेक्षा कमी. एवढ्याशा या पडद्यावर प्रकाशाचं सर्वांत जास्त अपवर्तन होतं. डोळ्याची एकूण शक्ती साधारण ६० डायॉप्टर धरली तर त्यातली ४३ च्या आसपास एकट्या पारपटलाची असते. कारण सोपं आहे: हवेचा अपवर्तनांक १, पारपटलाचा १.३७६. प्रकाशाच्या वाटेत एवढा मोठा फरक पुन्हा कुठेच येत नाही. विहिरीत पोहताना डोळे उघडले की सगळं अंधूक दिसतं, त्याचंही हेच कारण. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, पारपटलाच्या इतका जवळ, की पाण्याखाली त्याची वाकवण्याची ताकद जवळजवळ संपतेच. पोहण्याच्या गॉगलमुळे डोळ्यापुढे पुन्हा हवा येते आणि दिसू लागतं. पोहणाऱ्या मुलांना हे लगेच पटतं.

पांढरं म्हणजे काय?

पारदर्शकता कळायला आधी पांढरेपणा कळावा लागतो. बर्फाची स्वच्छ लादी आरपार दिसते. तीच किसून गोळा केला की पांढराशुभ्र. पाण्यात काहीच मिसळलेलं नाही. किसल्यामुळे बर्फाचे कण आणि मधली हवा अशी लाखो सरहद्दी तयार झाल्या आणि प्रत्येक सरहद्दीवर प्रकाश थोडा वळला, थोडा परतला. इकडून तिकडे फेकला जात जात तो सगळ्याच दिशांनी बाहेर पडतो. सगळे रंग सारखेच फेकले गेले, म्हणून पांढरं. यालाच आपण प्रकाशाचं विकिरण म्हणतो.

याच्या उलटा प्रयोग रोज घरात होतो. वर्तमानपत्राच्या कागदावर भजी ठेवली की तेल उतरतं त्या जागी कागद अर्धवट पारदर्शक होतो, मागची अक्षरं दिसू लागतात. कागद म्हणजे वनस्पतींचे तंतू आणि त्यांच्यामध्ये हवा. हवा आणि तंतू यांच्या अपवर्तनांकात मोठा फरक, म्हणून जोरदार विकिरण. तेलाने हवेची जागा घेतली, फरक कमी झाला, विकिरण कमी झालं. प्रयोगशाळेत हेच जास्त स्वच्छ दाखवता येतं: बोरोसिलिकेट काचेची कांडी ग्लिसरीनमध्ये बुडवा. बुडलेला भाग जवळजवळ नाहीसा होतो.

आता वर्गात एखादा हुशार मुलगा म्हणेल, ‘मग पारपटलातही तंतूंच्या मधल्या जागेत तसंच काहीतरी भरलेलं असणार.’ त्याला शाबासकी द्या, कारण उत्तर काही अंशी बरोबर आहे. पण पुरेसं नाही.

आठ हजार अडथळे

पारपटलाच्या जाडीपैकी सुमारे ९० टक्के भाग एकाच थराचा असतो. त्याला स्ट्रोमा म्हणतात. त्यात चिरोट्याच्या पदरांसारखे २०० च्या वर पापुद्रे एकावर एक असतात, प्रत्येक साधारण २ मायक्रोमीटर जाडीचा. एका पापुद्र्यातले सगळे तंतू एकाच दिशेने समांतर धावतात; पुढच्या पापुद्र्यात दिशा बदलते. प्लायवूड असंच बनवतात, आणि त्याच कारणासाठी: सगळ्या बाजूंनी ताकद यावी म्हणून.

एक तंतू सुमारे ३० नॅनोमीटर जाडीचा. डोक्याचा केस याच्या दोन हजारपट तरी जाड असतो. दोन शेजारच्या तंतूंच्या मध्यांतलं अंतर साधारण ६० नॅनोमीटर. मुलांना इथे गणित करायला द्या. अर्धा मिलिमीटर म्हणजे ५,००,००० नॅनोमीटर, भागिले ६०. उत्तर ८ हजारांच्या आसपास येतं. म्हणजे बाहुलीपर्यंत पोचायच्या आधी प्रकाशाला तंतूंच्या सुमारे ८ हजार ओळी पार कराव्या लागतात.

तंतू आणि मधला पाणीदार भराव यांच्या अपवर्तनांकात फरक फार मोठा नाही, पण आहे. एक तंतू प्रकाशाचा अगदी नगण्य भाग बाजूला फेकतो. पण आठ हजार वेळा नगण्य म्हणजे नगण्य राहत नाही. लंडनमध्ये काम करणारे शास्त्रज्ञ डेव्हिड मॉरिस यांनी १९५७ मध्ये हा हिशोब मांडला. प्रत्येक तंतू आपापला स्वतंत्रपणे प्रकाश विकिरित करतो असं धरलं, तर प्रकाशाचा मोठा भाग वाटेतच फेकला जायला हवा आणि पारपटल धुरकट दिसायला हवं. प्रत्यक्षात दृश्य प्रकाशातल्या बहुतेक रंगांचा ९० टक्क्यांच्या वर भाग आरपार जातो. याचा अर्थ, तंतू स्वतंत्रपणे वागतात हे गृहीतकच चुकीचं.

रस्सीखेच

हा भाग मुलांना सांगायला थोडा अवघड, म्हणून इथे जरा थांबू या.

प्रकाश ही तरंगांची हालचाल. तंतूवर प्रकाश पडला की तंतू स्वतः एक छोटा तरंग सगळ्या दिशांना पाठवतो, शांत पाण्यात खडा टाकल्यावर पसरतो तसा. आता एक खडा न टाकता हजारो खडे टाकले तर? काही ठिकाणी दोन तरंगांचे उंचवटे एकत्र येतात, तिथे पाणी जास्त उसळतं. काही ठिकाणी एकाचा उंचवटा आणि दुसऱ्याचा खळगा एकत्र येतो, तिथे पाणी शांत राहतं. याला व्यतिकरण म्हणतात.

सरळ पुढच्या दिशेने बघा. पुढच्या तंतूपर्यंत प्रकाशाला पोचायला उशीर होतो, पण तिथून निघालेल्या तरंगाला पुढे जायला तेवढंच कमी अंतर उरतं. हिशोब जुळतो. म्हणून पुढच्या दिशेला सगळ्या तंतूंचे तरंग एका तालात येतात. सगळे एकाच बाजूने दोर ओढतात. बाजूच्या दिशेने मात्र तसं नाही. तिथे कुणाचा तरंग आधी, कुणाचा नंतर. तंतू जर एकमेकांपासून सारख्या अंतरावर असतील, आणि ते अंतर प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा बरंच लहान असेल, तर बाजूला जाणाऱ्या प्रत्येक तरंगासाठी अर्ध्या तरंगाने मागे असलेला जोडीदार कुठेतरी सापडतोच. दोघे एकमेकांना रद्द करतात. ही बरोबरीच्या संघांची रस्सीखेच: दोन्ही बाजूंना जोर आहे, दोर मात्र जागचा हलत नाही.

दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर, तंतूंमधलं अंतर ६०. अट आरामात पूर्ण होते. मॉरिस यांचं उत्तर हेच होतं: तंतूंची जाडी सारखी, अंतर सारखं, जाळीसारखी मांडणी, म्हणून बाजूचं विकिरण रद्द होतं आणि पुढे जाणारा प्रकाश शाबूत राहतो.

‘सर, मग रद्द झालेल्या प्रकाशाची ऊर्जा कुठे गेली?’ हा प्रश्न एखादं मूल विचारेल, विचारायलाच हवा. ती कुठे गेली नाही. बाजूला जाण्याची वाटच बंद झाल्याने ती सरळ पुढे जाणाऱ्या प्रकाशातच राहिली. आणि जरा पुढचं विचारणाऱ्यांसाठी: पुढच्या दिशेला तालात आलेले हे छोटे तरंग मूळ प्रकाशात मिसळले की एकूण तरंग किंचित मागे पडतो. ‘माध्यमात प्रकाशाचा वेग कमी होतो’ असं आपण म्हणतो ते हेच. म्हणजे अपवर्तन आणि विकिरण या दोन वेगळ्या धड्यांतल्या गोष्टी मुळात एकाच कुळातल्या आहेत. मला स्वतःला हा भाग सगळ्यात आवडतो.

पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून चित्रं नीट मिळू लागली तेव्हा एक अडचण दिसली. तंतू काही कवायतीतल्या मुलांसारखे काटेकोर रांगेत नव्हते. थोडे इकडे, थोडे तिकडे होते. मग हार्ट आणि फॅरेल यांनी १९६९ मध्ये आणि जॉर्ज बेनेडेक यांनी १९७१ मध्ये दाखवून दिलं, की काटेकोर जाळीची गरजच नाही. जोंधळ्याचं पोतं डोळ्यांसमोर आणा. दाणे रांगेत लावलेले नसतात, पण पोत्यात कुठेही हात घालून मूठ भरली तरी मुठीत जवळपास सारखेच दाणे येतात. पारपटलासाठी ‘मूठ’ म्हणजे प्रकाशाच्या अर्ध्या तरंगलांबीएवढी जागा, सुमारे २०० नॅनोमीटर. तेवढ्या जागेतली तंतूंची दाटी सगळीकडे सारखी असली की पुरे, रस्सीखेच बरोबरीत सुटते. साध्या पाण्यातही रेणू रांगेत उभे नसतात, तरी पाणी पारदर्शक असतंच. तिथेही गोष्ट हीच.

आता श्वेतपटलाकडे परत या. तिथे कोलॅजेनचे तंतू काही २५ नॅनोमीटरचे, तर काही २०० च्याही वर, म्हणजे सुतळीही आहे आणि नाडाही. पापुद्रे एकमेकांत वेडेवाकडे गुंतलेले. प्रत्येक मुठीत वेगळा हिशोब. विकिरण रद्द होत नाही आणि डोळा पांढरा दिसतो. आणि ते चांगलंच आहे. प्रकाशाने बाहुलीतूनच आत यावं, भिंतीतून नको.

रात्रंदिवस चालणारे पंप

इथपर्यंत सगळं एखाद्या उत्तम विणलेल्या कापडासारखं वाटतं. पण कापड विणून ठेवलं की झालं. पारपटलाचं तसं नाही.

तंतूंमधलं अंतर राखायला त्यांच्यामध्ये साखरेच्या साखळ्या जोडलेली प्रथिनं असतात. या साखळ्यांवर ऋण विद्युत प्रभार असतो, त्यामुळे त्या पाणी ओढून घेतात. पारपटलाच्या मागे तर द्रव भरलेलाच आहे. मोकळं सोडलं तर स्ट्रोमा स्पंजासारखा पाणी शोषेल. आणि प्रयोगशाळेत तसंच होतं: वेगळं काढलेलं पारपटल पाण्यात ठेवलं की फुगतं आणि दुधाळ होतं. पाणी सगळीकडे सारखं शिरत नाही. मधे मधे तंतूच नसलेली छोटी तळी तयार होतात. पोत्यात पोकळ्या पडल्या, मुठीचा हिशोब बिघडला, विकिरण सुरू.

हे होऊ नये म्हणून पारपटलाच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो, सुमारे ५ मायक्रोमीटर जाडीचा. षटकोनी पेशी, फरशीसारख्या एकमेकींना लागून बसलेल्या. या पेशी सतत क्षारांचे आयन बाहेर टाकत राहतात आणि त्यांच्या मागोमाग पाणीही बाहेर जातं. थोडं पाणी आत झिरपतं, तेवढंच उपसलं जातं. पावसाळ्यात गळणाऱ्या तळघरात मोटार लावून ठेवावी तसं. तरुण माणसात दर चौरस मिलिमीटरला या पेशी ३ हजारांच्या आसपास असतात. माणसात त्या जवळजवळ वाढत नाहीत. मेलेल्या पेशीची जागा शेजारची पेशी पसरून भरून काढते. संख्या साधारण ५०० च्या खाली गेली की पंप पुरे पडत नाहीत.

पारपटलात रक्तवाहिन्या नसतात. असत्या तर प्रकाशाच्या वाटेत लाल जाळं आलं असतं. त्यामुळे लागणारा प्राणवायू ते मुख्यतः हवेतून, अश्रूंच्या थरात विरघळवून घेतं. झोपेत पापण्या मिटलेल्या असतात, प्राणवायू कमी मिळतो, आणि सकाळी उठल्यावर निरोगी माणसाचंही पारपटल ३-४ टक्के जाड झालेलं असतं. डोळे उघडल्यावर तास-दोन तासांत पूर्ववत. एवढ्याने नजरेत फरक पडत नाही. पण ज्यांचे पंप थकलेले असतात त्यांना सकाळी धूसर आणि दुपारनंतर बरं दिसतं. घरातलं वयस्कर माणूस असं सांगत असेल तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. कॉन्टॅक्ट लेन्स घालून झोपू नये, असं सांगतात त्यामागेही प्राणवायूचं हे गणित आहे. शिवाय जंतुसंसर्गाचा धोका वेगळाच.

आणखी एक लक्षण. पातळ ढगातून चंद्र दिसतो तेव्हा त्याच्याभोवती रंगीत कडं दिसतं. ढगातल्या बारीक थेंबांमुळे. डोळ्यातला दाब अचानक वाढला तर पाणी पारपटलाच्या बाहेरच्या थरात शिरतं, तिथे तसेच सूक्ष्म थेंब तयार होतात आणि दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखी वलयं दिसतात. वलयं, डोळ्यात तीव्र दुखणं, लाली, डोकेदुखी किंवा उलटी असं एकत्र आलं तर तो काचबिंदूचा तातडीचा झटका असू शकतो. तेव्हा सकाळची वाट न बघता डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं.

धुरकट पारपटलातून दिसतं कसं?

‘थोडंसं धुरकट, म्हणजे थोडंसं अंधूक’ एवढंच नसतं हे. एसटीच्या पुढच्या काचेवर धूळ आहे, सूर्य पाठीमागे आहे. रस्ता ठीक दिसतो. वळणावर सूर्य समोर आला की काच उजळून निघते आणि पुढचं काहीच दिसत नाही. धूळ तेवढीच होती. पारपटलातलं विकिरणही असंच वागतं. पुढच्या दिशेला फेकला गेलेला प्रकाश दृष्टिपटलावर सगळीकडे पसरतो, चित्रावर दुधाळ पडदा टाकतो. म्हणून अशी माणसं दवाखान्यातला तक्ता बऱ्यापैकी वाचतात, पण समोरून गाडीचे दिवे आले की थांबतात. वर्गात एखादं मूल खिडकीच्या उजेडाकडे तोंड करून बसलं की फळ्यावरचं वाचू शकत नसेल, तर जागा बदलून बघा आणि पालकांना कळवा. कारण दुसरंही असू शकेल, पण तपासायला हवं.

डॉक्टरांना दिसतो तो मागे फेकला गेलेला प्रकाश. स्लिट लॅम्पमध्ये प्रकाशाची एक पातळ फट तिरकी पाडतात आणि पारपटलाचा उभा काप निळसर-राखाडी उजळलेला दिसतो. म्हणजे निरोगी पारपटलही अगदी किंचित विकिरण करतंच. ते शंभर टक्के निर्दोष असतं तर डॉक्टरांना तपासायला काही दिसलंच नसतं!

दृश्य प्रकाशाला असं आरपार सोडणारं पारपटल सुमारे ३०० नॅनोमीटरपेक्षा कमी लांबीचे अतिनील किरण मात्र स्वतः शोषतं, आणि त्याची किंमत मोजतं. रस्त्याकडेला वेल्डिंग चाललेलं असतं आणि शाळेतून घरी जाणारी मुलं टक लावून बघत उभी राहतात. तेव्हा काहीच होत नाही. काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं टोचू लागतं.

डोळ्यात फूल पडतं तेव्हा

जुन्या माणसांच्या तोंडी ‘डोळ्यात फूल पडलं’ असा शब्द आहे. मोतीबिंदू वेगळा, तो आतल्या भिंगाला होतो. फूल म्हणजे पारपटलावरचा पांढरा डाग. पाण्याने आलेली सूज उतरू शकते, पण जखम भरताना शरीर जे नवे तंतू घाईघाईने घालतं ते जाड-बारीक, वाकडेतिकडे असतात. म्हणजे तेवढ्या जागेपुरतं पारपटलाचं श्वेतपटल होतं. उकडलेलं अंडं पुन्हा कच्चं होत नाही, तसा खोल डाग पुसून जात नाही.

मुलांच्या बाबतीत सगळ्यात जास्त सांगावंसं वाटतं ते चुन्याबद्दल. पानतंबाखूच्या चुन्याची प्लास्टिकची पुडी किंवा डबी घरात सहज पडलेली असते. मूल ती दाबतं, ती फुटते आणि चुना थेट डोळ्यात. चुना हा अल्क आहे. पेशींच्या आवरणातल्या स्निग्ध पदार्थांचा साबण करत तो आत आत शिरत जातो. अशा वेळी एकच करायचं: त्याच क्षणी, जे स्वच्छ पाणी हाताशी असेल त्याने डोळा धुवायला सुरुवात करायची, पापणी उघडी धरून, निदान १५ ते ३० मिनिटं. चुन्याचे कण पापणीखाली अडकतात, तेही निघायला हवेत. मग दवाखाना. आम्लाने अल्क उदासीन होतं हे आपण शिकवलेलं असतं, म्हणून मुद्दाम सांगतो: लिंबू नाही, व्हिनेगर नाही. तूप, मध, दूधही नाही. पाणीच.

शेतावर जाणाऱ्या मुलांना उसाचं पातं, भाताचं कूस डोळ्याला लागतं. वरून ओरखडा क्षुल्लक दिसतो, पण वनस्पतीबरोबर बुरशी आत जाऊ शकते आणि ती सावकाश वाढते. दुकानातून आणलेल्या स्टेरॉइडच्या थेंबांनी लाली लगेच कमी होते, सगळ्यांना बरं वाटतं आणि आत बुरशीला मोकळं रान मिळतं. अशी जखम डॉक्टरांनीच बघायला हवी. लहान मुलांमध्ये ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावानेही पारपटल कोरडं पडून विरघळू शकतं. नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी मिळणारा डोस त्यासाठीच असतो, तो चुकवू नये.

दुसऱ्याचं पारपटल

माणसाच्या पारपटलाचं पहिलं यशस्वी प्रत्यारोपणही चुन्याशीच जोडलेलं आहे. ७ डिसेंबर १९०५ रोजी, आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या ओलोमोउत्स गावी डॉ. एडुआर्ड झिर्म यांनी एका मजुरावर ती शस्त्रक्रिया केली. चुन्याने त्याचे दोन्ही डोळे भाजले होते. एका अकरा वर्षांच्या मुलाचा डोळा धातूच्या तुकड्यांनी निकामी झाल्याने काढावा लागला होता, पण त्याचं पारपटल चांगलं होतं. ते मजुराच्या डोळ्यांवर बसवलं. एका डोळ्यातलं टिकलं नाही, दुसऱ्यातलं स्वच्छ राहिलं आणि तो माणूस पुन्हा कामावर जाऊ शकला. रक्तवाहिन्या नसल्यामुळे शरीर परक्या पारपटलाला इतर अवयवांच्या मानाने कमी विरोध करतं, हे त्यामागचं मोठं कारण.

आता तर गरज असेल तेवढाच थर बदलता येतो. फक्त पंप थकले असतील तर दात्याच्या पारपटलातला आतला, काही मायक्रोमीटरचा पापुद्रा घेऊन रुग्णाच्या डोळ्यात आतून चिकटवतात. तो जागेवर दाबून धरायला हवेचा बुडबुडा सोडतात आणि रुग्णाला उताणं झोपवून ठेवतात. पुढच्या काही दिवसांत नवे पंप पाणी उपसतात, तंतूंमधली तळी आटतात आणि रुग्णाचा स्वतःचाच, आधी धुरकट असलेला स्ट्रोमा पुन्हा पारदर्शक होतो. मॉरिस आणि बेनेडेक यांनी कागदावर मांडलेलं इथे दवाखान्यात डोळ्यांनी दिसतं.

हे पारपटल कारखान्यात बनत नाही, नेत्रदानातूनच येतं. दरवर्षी २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर नेत्रदान पंधरवडा असतो, शाळांत घोषवाक्यं आणि फेऱ्या होतात. त्या निमित्ताने मुलांना नेमकी माहितीही द्यावी. अख्खा डोळा बसवत नाहीत, पारपटल बसवतात. म्हणून चष्मा असलेले, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेले, वयस्कर, सगळे दान करू शकतात; रेबीज, एचआयव्ही, कावीळ ‘ब’ आणि ‘क’, रक्ताचा कर्करोग अशा काही आजारांत मात्र घेत नाहीत. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत नेत्रपेढीचं पथक घरी येऊन पंधरा-वीस मिनिटांत काम करतं, चेहरा विद्रूप होत नाही. एका माणसाच्या दोन पारपटलांनी दोन माणसांना दिसू शकतं. इच्छापत्र भरलेलं असो वा नसो, फोन करायचा असतो तो घरच्यांनी, आणि लगेच.

तोपर्यंत घरच्यांनी काय करायचं, हेही मुलांना माहीत असावं: पंखा बंद करायचा, डोक्याखाली उशी द्यायची, पापण्या मिटवून त्यावर ओल्या कापसाच्या घड्या ठेवायच्या. कारण मृत्यूनंतरही काही तास त्या षटकोनी पेशी जिवंत असतात.